पाठीवरची थाप

या महिन्यात पत्रं कमी आली. ज्वारी काढणीला आली की आमच्या भागात पत्र लिहीत कोण बसतंय! पण जी आली त्यातलं एक पत्र वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उदगीरहून, आणि विषय बर्फावरचा. म्हणून बाकीच्यांनी यंदा थोडं सरकून बसावं.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, राहणार उदगीर. मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. नातू नऊ वर्षांचा, आईस हॉकी खेळतो. गेल्या वर्षापर्यंत भरपूर गोल करायचा. मुलगा व्हिडिओ पाठवायचा आणि आम्ही गल्लीभर दाखवायचो. यंदा नवा कोच आलाय. तो स्वतः बारा वर्षं पगारी खेळाडू होता म्हणे. त्याने नातवाला पुढून काढलं आणि मागं राखणीला टाकलं. सरावात निम्मा वेळ उलटं जायला लावतो. मॅचमध्ये सगळ्यांना सारखाच वेळ, पोरगं तयार असो की कच्चं. मुलगा वर्षाला हजारो डॉलर भरतो ते यासाठी? आणि खरं विचारायचं ते असं की एवढा खेळलेला माणूस लेकरं शिकवायला येतो, म्हणजे त्याची उतरती कळाच ना? या धंद्यात खेळाडूचं पुढं होतं तरी काय?

उत्तर: गुरुजी, नमस्कार. तुमचा राग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. एकतीस वर्षं धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी खोखो शिकवला. दर शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला हा राग धोतर नेसून किंवा मोटारसायकलवर बसून हजर असायचा. "मॅडम, आमची पोरगी पळणारी हाय, तिला बसवून कामून ठेवलाव?" मी ऐकून घ्यायची आणि पोरीला बसवूनच ठेवायची.

तुम्ही माझ्याकडं बर्फाचा प्रश्न का पाठवलात हे कळलं. मागं एकदा या पानावर मी लिहिलं होतं, की लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी २०२३ च्या डिसेंबरात कॅनडातल्याच एडमंटनला गेले ती मार्चअखेर परतले. बाहेर उणे तीस, घरात तान्हं बाळ. मोठा नातू सात वर्षांचा, त्याचा शनिवारचा सराव सकाळी सव्वासहाला. जावई गाडी चालवणार आणि आजी थर्मासमध्ये चहा घेऊन रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेला लाकडी बाकावर. असे बारा-तेरा शनिवार मी बसले. खेळ कळायला तीन लागले. बाकीचे सगळे मी त्या कोचला बघण्यात घालवले.

आधी खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे आपण एका मैदानात येऊ. एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण, त्यातला एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडू नसतोच, पक म्हणतात ती रबराची चकती असते. बटाटेवडा हाताने चपटा करावा तेवढी, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. मोठ्या सामन्यांत ती आधी गोठवून ठेवतात, नाहीतर उड्या मारते. आणि या खेळाचं खरं मर्म बाकावर आहे. मोठ्या माणसांच्या सामन्यात खेळाडू जीव तोडून पाऊण मिनिट खेळतो आणि बाहेर येतो. त्याच्या जागी दुसरा जातो, तोही खेळ चालू असताना, शिट्टीबिट्टी काही नाही. आत जाणाऱ्याने घाई केली आणि बर्फावर एक माणूस जास्त झाला, तर संघाला दोन मिनिटं एक गडी कमी घेऊन खेळावं लागतं.

आमच्या नातवाच्या कोचकडं सोळा वर्षांच्या पोरांचाही एक संघ होता. त्यांची एक मॅच मी बघितली. पोरं बाकावर ओळीने बसलेली, तोंड बर्फाकडं. हा पाठीमागं उभा. नजर खेळावर, आणि हात मात्र खाली, पोरांच्या पाठीवर. ज्याला पुढं पाठवायचं त्याच्या पाठीवर थाप. थाप पडली की पोरगं कठड्यावरून उडी टाकून आत. गुरुजी, मी खरंच मोठ्यानं "खो!" म्हणाले. शेजारची गोरी बाई दचकून बघायला लागली. मागून हात, पाठीला स्पर्श, आणि बसलेला उठून सुटतो. आपल्याकडं तो हात खेळाडूचा असतो, तिथं कोचचा, एवढाच फरक. त्या क्षणापासून हा खेळ मला परका राहिला नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडं येते. चांगला खेळाडू कोच होतो म्हणजे खाली येतो का? अहो, बहुतेक वेळा तो पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो. माझंच सांगते.

खांबावरून झेप घेऊन गडी टिपणं, पोल डाइव्ह, ही माझी खासियत होती. राज्याकडून खेळले ती त्या झेपेवरच. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मुलींना तेच शिकवायला घेतलं. पळत जायचं, एका हाताने खांब धरायचा, अंग झोकून दुसरा हात लांबवायचा. वीस वेळा करून दाखवलं. पोरींचे गुडघे-कोपरं सोलली, खांबाला कपाळं आपटली. मी आपली ओरडतेय, "असं! असं! दिसतंय ना?" त्या वर्षी आम्ही तालुक्यातच हरलो. परत येताना जीपमध्ये सगळ्यात बारकी पोर हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही करून दाखवायलाव, पण सांगनात की."

घरी आले आणि स्वतःलाच विचारलं, मी उडी घेते तेव्हा शेवटचा पाय कोणता असतो? सांगता येईना! पंधरा वर्षं खेळून सांगता येईना. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मैदानावर उभं केलं, म्हटलं माझ्या पायाकडं बघा. त्या माणसाला खोखोतलं काडीचं कळत नाही. तीन उड्या बघून म्हणाला, "डावा." मग नजर कुठं असते, खांब कोणत्या उंचीवर धरते, मूठ आवळते का फक्त आकडा करते, हे सुटं करायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी कोच झाले असं समजा. खेळाडू मी आधीपासून होतेच, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

म्हणूनच मोठ्या नावांचं मला फार कौतुक नाही. एडमंटनला त्यांच्या स्टेडियमबाहेर वेन ग्रेट्झ्कीचा पुतळा आहे, डोक्यावर करंडक उचललेला. आपल्याकडं सचिन तसा तिकडं हा. या गावाला १९८४ ते १९८८ या पाच वर्षांत त्याने चार वेळा स्टॅनले कप, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगचा करंडक, जिंकून दिला. कारकिर्दीत ८९४ गोल. तो विक्रम २०२५ च्या एप्रिलमध्ये ओवेचकिनने मोडेपर्यंत टिकला. हाच ग्रेट्झ्की २००५ ते २००९ फिनिक्सच्या संघाचा मुख्य कोच होता. चार मोसम, आणि एकदाही संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही. संघ दुबळा होता हे खरंच. पण मला उगाच वाटतं, की पक कुठं येणार हे त्याला आपोआप दिसायचं, आणि जे आपोआप दिसतं ते दुसऱ्याला कसं दाखवणार? डावा पाय!

आता दुसरा माणूस बघा. जॅरेड बेडनर. एनएचएल म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, ३२ संघ, मोसमात एकेका संघाचे ऐंशीच्या वर सामने. त्याच्या खाली एएचएल, त्याच्या खाली ईसीएचएल. हा गडी उभं आयुष्य या खालच्या लीगांत राखणीला खेळला. बसचा प्रवास, लहान गावं. एनएचएलचा एक सामना नशिबात आला नाही. खेळणं संपल्यावर तिथंच सहायक कोच झाला, मग मुख्य. २००९ ला ईसीएचएलचा करंडक जिंकला, २०१६ ला एएचएलचा. त्यानंतर कोलोरॅडोने त्याला एनएचएलमध्ये बोलावलं, आणि पहिल्याच मोसमात संघ लीगमध्ये तळाला गेला. ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकले. तिकडं एवढ्यावर माणूस घरी जातो. याला मात्र त्यांनी ठेवला. २०२२ मध्ये त्याच संघाने स्टॅनले कप उचलला. तिन्ही पायऱ्यांवरचे करंडक कोच म्हणून जिंकणारा तो पहिला.

मोठे खेळाडूही चांगले कोच होतात, नाही असं नाही. रॉड ब्रिंडामूर २००६ ला कॅरोलायनाचा कर्णधार होता, करंडक त्यानेच उचलला. पण निवृत्त झाल्यावर लगेच मुख्य कोचच्या जागेवर जाऊन बसला नाही. त्याच संघात सात वर्षं सहायक म्हणून काढली, मग २०१८ ला मुख्य झाला. ती सात वर्षं मला त्याच्या करंडकापेक्षा मोठी वाटतात.

तर नातवाचा कोच. आमच्या एडमंटनवाल्याशी मी एकदा बोलले, लेक फोनवर दुभाषी होती. पुढचे दोन दात नकली, एक गुडघा आखडलेला, हातात कायम कागदी कप. तोही खालच्या लीगचाच. माझ्या नातवालाही तो उलटं न्यायचा, म्हणून मी तुमचाच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, पुढं तोंड करून जाणारं पोर फक्त पक बघतं, उलटं जाणारं पोर सगळा खेळ बघतं. मला हे एकदम पटलं, कारण आपल्याकडं चौकोनात बसणारी पोरगी पळणाऱ्या तिघींना बघत असते. चांगल्या पळणारीला मी बसवून ठेवायची ते यासाठीच.

राखणीला टाकणं ही शिक्षा नव्हे. नऊ वर्षांच्या पोराला सगळ्या जागा फिरवून आणायच्या असतात. तिकडं तर नऊच्या आतल्या मुलांना आता बहुतेक वेळा पूर्ण रिंकही देत नाहीत, अर्ध्यावर खेळवतात. मोठ्या रिंकवर एकच जोराचा पोरगा पक घेऊन सुटतो आणि बाकीचे सगळे त्याची पाठ बघत बसतात. तुमचा नातू बहुतेक तो एक होता. त्याला गोल मिळत होते, खेळ मिळत नव्हता.

पैशाचं म्हणाल, तर तिकडं लेकरांचे बरेच कोच फुकट काम करतात, आपलं पोर संघात आहे म्हणून. मुलगा भरतो ते पैसे बर्फाच्या भाड्याला, प्रवासाला आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या चिलखताला जातात. वर एनएचएलमध्ये मुख्य कोचला पगार प्रचंड, पण खुर्ची आपल्या सरपंचाच्या खुर्चीपेक्षा डळमळीत. दहा सामने हरले की बॅग भरायची. खाली पगार बेताचा, वर्षभर बसमध्ये. तरी लोक हे काम सोडत नाहीत. माझी पेन्शन सुरू होऊन तीन वर्षं झाली, मी अजून सकाळी सहाला मैदानावर असते, तेव्हा मी त्यांना कुठल्या तोंडानं विचारू?

मुलाला कोचकडं भांडायला पाठवू नका. तिकडच्या बऱ्याच क्लबांत एक पद्धत आहे, मॅच झाल्यावर २४ तास पालकाने कोचला तोंड उघडून काही विचारायचं नाही. झोपून उठा, मग बोला. ही पद्धत इकडं आणता आली असती तर माझं रक्तदाबाचं औषध वाचलं असतं. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाला किती गोल केलेस हे विचारू नका. उलटं किती जोरात जातोस ते दाखव म्हणा. दाखवेल बघा घरातच, सोफ्याला धडकून.

एक अवांतर. दोन डावांच्या मधे एक मशीन बर्फावरून फिरतं, खरवडतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. झाम्बोनी त्याचं नाव. फ्रँक झाम्बोनी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं केलं. त्याचा धंदा मूळचा बर्फाच्या लाद्यांचा. घरोघरी फ्रीज आले, धंदा बसला, म्हणून तो रिंककडं वळला. सगळे ते मशीन मजेत बघतात. मला पहिल्या दिवशी बघवलं नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं ते वर्ष आठवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही मैदानावर पाण्याचा थेंब मारला नव्हता. पोरी धुळीत खेळल्या, संध्याकाळी एकमेकींच्या पापण्या झाडायच्या.

प्रश्न: ताई, मी परभणीचा. कबड्डी खेळतो, चढाईपटू. वय २५. गेल्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात खेळू नको. घरी चार एकर कोरडवाहू. वडील म्हणतात शेती बघ, मित्र म्हणतात कोच हो. पण मी कधी राज्यापर्यंत खेळलो नाही, माझं कोण ऐकणार?

उत्तर: बाळा, आधी गुडघा. व्यायाम सांगितलेले असतील ते रोज कर. आपली पोरं टाके निघाले की फिजिओथेरपी सोडतात आणि पुढं आयुष्यभर जिना उतरताना आई आई करतात.

राज्यापर्यंत खेळला नाहीस म्हणतोस. वर बेडनरचं लिहिलंय ते परत वाच. आणि आणखी एक ऐक, बर्फाचा विषय निघालाच आहे तर. स्कॉटी बोमन म्हणून मॉन्ट्रियलचा पोरगा. १९५२ मध्ये ज्युनियरच्या सामन्यात समोरच्या खेळाडूची स्टिक त्याच्या डोक्यात बसली, कवटीला जबर मार. खेळाडू म्हणून त्याचं पुढं काही झालं नाही. कोच झाला. एनएचएलमध्ये नऊ स्टॅनले कप आणि १,२४४ विजय, दोन्हींत त्याच्यापुढं कुणी नाही. आणि मला यातला आवडतो तो भाग पुढं आहे. ज्याची स्टिक बसली तो जाँ-गी ताल्बो पुढं सेंट लुईसच्या संघात खेळला, आणि त्या संघाचा कोच होता बोमन. रोज सकाळी समोर तोच माणूस. आपल्या गावात असं झालं असतं तर दोन भावक्यांत तीन पिढ्या पाणी बंद!

वडिलांचंही चूक नाही. कॅनडातच एडमंटनच्या बाजूला वायकिंग म्हणून लहानसं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरातून सहा भाऊ एनएचएलमध्ये खेळले, सटर बंधू. त्यातला डॅरिल दुखापतींमुळे लवकर थांबला, कोच झाला, मधल्या काळात शेतावर परत गेला, जनावरं बघितली. मग लॉस एंजेलिसने बोलावलं आणि २०१२ व २०१४ असे दोन कप जिंकून दिले. शेत आणि संघ दोन्ही होतं. फक्त दोन्हींना सकाळी लवकर उठावं लागतं.

कामाचं सांगते. पदवी झाली असेल तर बी.पी.एड. कर, शाळेतल्या नोकरीला तेच लागतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. तुझं खेळणं कुठपर्यंत झालंय आणि कोणत्या कोर्सला काय लागतं, ते प्रवेशाच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, एजंटाला पैसे देऊ नको. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते कोणत्या दर्जाच्या स्पर्धेतल्या कोणत्या कामगिरीवर, याचे नियम बारीक आहेत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रमाणपत्रं घेऊन जा आणि समोर बसून विचार. आमच्या धाराशिवची सारिका काळे खोखोत देशाची कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि ती तालुका क्रीडा अधिकारीही झाली. म्हणजे वाट नाही असं नाही.

पण कोर्सच्या आधी एक काम आजच कर. संध्याकाळी गावातल्या बारा वर्षांच्या पाच पोरांना बोलाव आणि त्यांना फक्त बोनसचा पाय शिकव. तुला करून दाखवता येणार नाही, गुडघा आहे. तोंडानेच सांगावं लागेल. मी पहिल्या वर्षी जे केलं नाही ते तुला पहिल्या दिवसापासून करावं लागणार आहे. पंधरा दिवसांनी मला पत्र लिही, पोरांना आलं की नाही ते. तुला आलं की नाही ते मी त्यावरून ओळखेन.

प्रश्न: मी नांदेडची, वय १८. रोलर स्केटिंगमध्ये राज्यस्तरावर खेळले आहे. भारतात आईस हॉकी आहे का? मला त्यात जाता येईल का?

उत्तर: आहे की. लडाखमध्ये. डिसेंबर-जानेवारीत तळी गोठतात, तेव्हा लेहमध्ये अख्खं गाव बर्फावर असतं. लष्कराचे आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, संघ तिथं जोरात. आपल्या मुलींचा संघ २०१६ ला पहिल्यांदा बाहेर खेळला, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला, आणि २०२५ ला संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आशिया चषकात ब्राँझ आणलं. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलच्या. वर्षातले दोन महिने मिळणाऱ्या बर्फावर हे केलंय. देहरादूनला २०११ मध्ये बांधलेलं बंदिस्त रिंक मधे कैक वर्षं बंद पडलं होतं, २०२५ ला पुन्हा सुरू झालं.

तुझी स्केट कुठली ते लिहिलं नाहीस. एका ओळीतल्या चाकांची, इनलाइन असेल, तर निम्मं काम झालंय, अंगाचा तोल तोच. चार चाकी असेल तर आधी इनलाइनवर ये. चाकावरून बर्फावर गेल्यावर सगळ्यांची फजिती एकाच ठिकाणी होते, थांबताना. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबतात. चाकावर तसं केलंस तर तोंडावर पडशील, म्हणून तुझं अंग ते करायला नकार देईल. त्याला समजावायला वेळ दे. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून होतात, त्यात आईस हॉकी आहे आणि बर्फावरचं स्केटिंगही. तुझ्या स्केटिंग संघटनेकडं निवडीची चौकशी कर. खर्च होईल, थंडी वाजेल, आई रडेल. जा.

प्रश्न: मॅडम, तुम्ही कॅनडात स्वतः बर्फावर उतरलात की नुसत्याच बघत बसलात? (तुमची एक जुनी विद्यार्थिनी, कळंब)

उत्तर: अक्षरावरून ओळखलं तुला. आगाऊपणा तेव्हाही होताच.

उतरले. शेवटच्या शनिवारी. मनात म्हटलं, १९२८ च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्कच्या गोलकीपरच्या डोळ्याला पक लागला, दुसरा गोलकीपर नव्हता, तेव्हा त्यांचा कोच लेस्टर पॅट्रिक ४४ व्या वर्षी पॅड बांधून गोलात उभा राहिला होता. एकच गोल खाल्ला, संघ २-१ जिंकला आणि पुढं कपही. मग आपण साठीत का उभं राहू नये? लेकीचे बूट, नातवाचं हेल्मेट, आणि लहान मुलांना धरायला देतात तो ॲल्युमिनियमचा घोडा. कडेकडेने एक चक्कर नीट झाली. जावई व्हिडिओ काढत होता. मी फुशारून घोडा सोडला आणि गुडघ्यात वाकून उभी राहिले, अगदी चौकोनात बसल्यासारखी.

तेवढ्यात तो कोच मागून आला, आणि आधार द्यावा म्हणून त्याने माझ्या पाठीला हात लावला.

आता तूच सांग, पन्नास वर्षं पाठीला हात लागला की उठून पळायचं, दुसरं काही अंगाला माहीतच नाही. मी पळाले. व्हिडिओत तीन पावलं दिसतात, तिसरं डावं.